साताऱ्याच्या मातीचे जलरंग, सहा महिने वापरून

साताऱ्यातल्या एका तरुण चित्रकाराकडून हा डबा घेतला: आठ वड्या, चौदाशे रुपये. मी सांगलीत शाळेवर चित्रकला शिकवते. तेव्हा पैसे जास्त वाटले होते, आता वाटत नाहीत.

हा मुलगा निसर्गचित्रं आपल्याच मुलखाची काढतो आणि रंगही तिथल्याच मातीचे करतो. विहिरीच्या नाहीतर घराच्या पायाच्या खोदाईत निघालेली माती आणतो. कासच्या पठारावरचा खडाही उचलत नाही, हे मला फार आवडलं. तिथं कातळावर मातीचा पापुद्राच तेवढा, त्यावरच ती सगळी फुलं जगतात. माती कुटायची, पाण्यात निवळायची, वस्त्रगाळ करायची आणि बाभळीचा डिंक, थोडा मध घालून काचेवर घोटायची. मीही तासभर घोटलं, मनगट भरून आलं. "कचकच थांबली की झालं," म्हणाला.

जांभ्याची वडी म्हणजे या डब्याचा जीव. काळ्या बेसॉल्टमधली सिलिका पावसानं युगानुयुगं धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं, त्याचाच जांभा झाला. ओल्या कागदावर हा रंग सोडला की जड कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि वाळल्यावर खरबरीत पठार समोर उभं राहतं. ट्यूबच्या रंगांनी मला वीस वर्षांत हे जमलं नव्हतं. पिवडी आणि काव या वड्या तर एकाच मातीच्या: पिवळी माती चांगली भाजली की तिच्यात बांधलेलं पाणी निघून जातं आणि ती लाल होते. काळ्या मातीची वडी एप्रिलमध्ये तडकली, रानात तडकते तशीच. थेंबभर पाण्यानं फुगून पुन्हा सांधली.

तक्रार हळदीच्या वडीची. आमच्या सांगलीची हळद म्हणून हौसेनं तीच आधी वापरली. नंतर शंका आली म्हणून एक पट्टी रंगवली, अर्धी पुठ्ठ्यानं झाकून खिडकीत ठेवली. तीन आठवड्यांत उघडी बाजू जवळपास कोरी! हळदीतलं कर्क्युमिन उजेडात टिकत नाही. बहिणीला दिलेल्या चित्रातलं पिवळं शेतही असंच उडालं, ते मला फार लागलं. डब्यावर तशी सूचना हवीच होती. फोन करून सांगितलं, त्यानं लगेच मान्य केलं. पुढच्या डब्यांत हळद नसेल म्हणाला.

कागद मात्र सुती, जाड, ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घ्या. साध्या ड्रॉइंग बुकात जांभा नुसता डाग दिसतो. जांभ्याची सुटी वडी दीडशेला मिळते, मी दोन मागवल्यात.