पूर्वजांचा शोध: पहिली फेरी नाशिकला, तालुक्याला की पुण्याच्या पेशवे दफ्तरात?

पणजोबांच्या पलीकडची नावं घरात कुणालाच सांगता येत नाहीत आणि ती शोधायला सुट्टी काढायची आहे, तर महाराष्ट्रात जाण्यासारखी तीन ठिकाणं आहेत: नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंचे विधी करणाऱ्या पुरोहितांच्या, वह्या, आपल्या मूळ गावाच्या तहसील कार्यालयातला अभिलेख कक्ष आणि पुण्याचं पुराभिलेखागार, ज्याला सगळे पेशवे दफ्तर म्हणतात. बहुतेकांच्या मनात आधी पुणं येतं, कारण नाव मोठं आहे. माझं मत उलट आहे. घराण्यात वतन (वंशपरंपरेने चालणारा गावचा हुद्दा) किंवा इनाम (सरकारने बक्षीस दिलेली जमीन) असल्याचा काही धागा हाती नसेल, तर पहिली फेरी पुण्याला करू नका.

पुण्यातलं ते भांडार थक्क करणारं आहे, यात शंका नाही. १८९१ साली बांधलेल्या इमारतीत हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, ठेवलेली आहेत. बहुतेक कागद मोडीत आहेत. पण हे दफ्तर राज्यकारभाराचं आहे, घराण्यांचं नाही. रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, चिटणिशी, पागा अशा खात्यांनी ते लावलेलं आहे. तिथे जाऊन ‘आमच्या आडनावाचं काय आहे?’ असं विचारलं तर कर्मचारी कितीही मदतीला तयार असले तरी उत्तर देऊ शकत नाहीत. प्रश्न ‘अमुक परगण्यातल्या अमुक कसब्याचं कुलकर्ण (गावचा हिशेब ठेवण्याचं वतन) कोणाकडे होतं?’ असा असावा लागतो.

शिवाय कागद समोर आला की मोडी वाचावी लागते. आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली शब्द न तोडता लिहीत गेलेला मजकूर पहिल्याच दिवशी उलगडत नाही. कालगणनाही वेगळी असते. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे अरबी अंकशब्दांत दोन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजेच त्या कागदांत वापरलेला शुहूर सन ११७२. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७१ येतं, आणि हे वर्ष मृग नक्षत्राला बदलत असल्यामुळे उन्हाळ्याच्या शेवटी लिहिलेला कागद १७७२ चा असू शकतो. फसली, म्हणजे महसुली, सनात ५९० किंवा ५९१ मिळवायचे, शकात ७८. एवढं टिपण वहीच्या पहिल्या पानावर हवंच.

मग पुण्याला जायचं कुणी? ज्यांच्या घरात देशमुखी, देशपांडेपण, पाटीलकी, कुलकर्ण, जोशीपण, देवस्थानाची जमीन यांपैकी काही होतं त्यांनी. इंग्रजांनी १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार दिले आणि इनामं तपासायला घेतली. मूळ इनाम कोणाला मिळालं आणि आज उपभोगणारा त्याचा कोण लागतो, हे दाखवणं इनामदारांना भाग पडलं. त्यामुळे त्या चौकशीच्या कैफियतींबरोबर, म्हणजे लेखी निवेदनांबरोबर, वंशावळी जोडल्या गेल्या. जमीन जप्त होऊ नये म्हणून लिहिलेल्या या वंशावळी कोणत्याही कुलवृत्तांतातल्या आठवणींपेक्षा मला जास्त विश्वासाच्या वाटतात. अर्थात दावा सोयीचा करायची उमेदही त्याच कागदांत असते, म्हणून शेजारच्या भाऊबंदांची कैफियत सापडली तर तीही वाचावी. भांडणाच्या कागदांत जितके नातेवाईक सापडतात तितके लग्नपत्रिकेतही नसतात.

गाव मराठवाड्यात किंवा विदर्भात असेल तर पुण्याचा विचार आणखी जपून करा. निजामाच्या मुलखातल्या गावांचे महसुली कागद पुण्याला सापडायचे नाहीत. त्यासाठी छत्रपती संभाजीनगरचं पुराभिलेखागार आहे आणि पुढे हैदराबाद. नागपूर आणि कोल्हापूरलाही राज्याची स्वतंत्र पुराभिलेखागारं आहेत. कोल्हापूर संस्थानातली गावं असतील तर तिथूनच सुरुवात करणं शहाणपणाचं.

आता नाशिक. इथला हिशेब बरोबर उलटा आहे: नावं भरपूर, कागदपत्री तपशील थोडा. रामकुंडाच्या परिसरात आणि त्र्यंबकेश्वरात तीर्थोपाध्यायांकडे यजमान गावांप्रमाणे, आडनावांप्रमाणे आणि जातींप्रमाणे वाटलेले आहेत. तालुका, मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की तुमची नामावळी कोणाकडे, हे तिथलेच लोक सांगतात. अस्थी घेऊन, श्राद्धाला किंवा सिंहस्थाला घरातला जो कोणी आला त्याने स्वतःचं, बापाचं, आजाचं, भावांचं, मुलांचं, चुलत्यांचं नाव लिहवून खाली सही केलेली असते. वीस-तीस वर्षांनी दुसऱ्या शाखेतला कोणी आला की त्याने पुन्हा लिहवलेलं असतं. असे दोन लेख एकमेकांवर पडताळता येतात, हे या वह्यांचं खरं बळ. एका दुपारी चार-पाच पिढ्या क्रमाने मिळाल्या, असं इथेच घडू शकतं. पणजोबांची सही पाहून हात थरथरतो तो वेगळाच.

जाण्याआधी घरातल्या थोरल्यांना एक गोष्ट नक्की विचारा: मूळ आडनाव काय? पाटील, कुलकर्णी, देशमुख ही हुद्द्याची नावं आहेत. एका तालुक्यात पाटलांची ढीगभर घराणी असतात आणि वहीत नोंद मूळ आडनावाने असण्याची शक्यता असते. घराणं कधी स्थलांतरित झालं असेल तर आजचं गाव नव्हे, मागचं गाव सांगावं लागतं. कुलदैवत ठाऊक असेल तर तेही उपयोगी पडतं. फोटो काढण्याआधी परवानगी मागा, नाही म्हणाले तर उतरवून घ्या. दक्षिणा मोकळ्या मनाने द्या, कारण या वह्या त्या घरांनी पिढ्यान् पिढ्या वाळवीपासून आणि पुरापासून जपल्या आहेत. स्वतःच्या वर्तमान कुटुंबाची नोंद करून या. मुलींची नावं आग्रहाने लिहवा. जुन्या लेखांत त्या फारशा सापडत नाहीत.

हीच उणीव तालुक्याचे कागद भरून काढतात, आणि म्हणून मला अभिलेख कक्ष फार मोलाचा वाटतो. खातेदार वारला की वारस नोंद होते, फेरफार पडतो, आणि त्यात विधवेचं नाव येतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींची नावंही येऊ लागतात, कधी सासरच्या नावासकट. मृत्यूची तारीख किंवा निदान वर्ष मिळतं. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर तर विसरूच नका. महार वतनासारखी गावकामगारांची वतनं १९५८ च्या कायद्याने खालसा झाली, पण त्याआधीच्या वतनाच्या कागदांत वतनदारांची आणि वारसांची नावं आहेत. ज्या घराण्यांचा तीर्थक्षेत्रांशी यजमानपणाचा संबंध नव्हता, त्यांनी नाशिकच्या आधी तालुक्याला जावं.

मर्यादा एकच, पण मोठी: हे कागद साधारणपणे विसाव्या शतकात आणि फार तर एकोणिसाव्याच्या अखेरीपर्यंत नेतात. कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करायचा आणि नकलेसाठी थांबायचं, याची तयारी हवी. गट नंबरबरोबर जुना सर्व्हे नंबर शोधून न्या, कारण तुकड्यातुकड्यांच्या जमिनींच्या एकत्रीकरण योजनेत नंबर बदलले. निघण्याआधी सरकारचं ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळ पाहा. जुने सातबारे आणि फेरफार तिथे स्कॅन केलेले मिळतात, सगळ्या जिल्ह्यांचे नाहीत. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात जिल्ह्याजिल्ह्यांनी जुने कागद वर चढवले आहेत, तेही चाळा.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना सॉल्ट लेक सिटीच्या फॅमिलीसर्च लायब्ररीचं नाव ऐकू येतं. वंशावळींचं ते जगातलं सर्वांत मोठं ग्रंथालय आहे, प्रवेश विनामूल्य आहे. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही त्यांनी चित्रित केल्या आहेत. पण त्यांच्या संग्रहाचं बळ युरोप-अमेरिकेच्या नोंदींत आहे, आणि मायक्रोफिल्मचं डिजिटल रूपांतर २०२१ मध्ये पूर्ण झाल्यामुळे बरंचसं घरबसल्या दिसतं. मराठी घराण्यासाठी मुद्दाम तिकीट काढायचं असेल तर ते नाशिकचं काढा.

सुट्टी एकाच आठवड्याची असेल तर शनिवार-रविवार नाशिकला द्या आणि सोमवारपासून तालुक्याला बसा, कारण सरकारी कार्यालयं पाचच दिवस चालतात. पितृपक्ष टाळा, उपाध्यायांना तेव्हा वही उघडून बसायला फुरसत नसते. २०२७ च्या सिंहस्थाच्या स्नानांच्या महिन्यांतही तीच अडचण येईल. पुण्याची फेरी पुढच्या वर्षी ठेवा, आणि मधल्या काळात भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी मोडीचा वर्ग करा.