मित्सुबिशी एफएक्स३यू: पीएलसी दणकट, जीव मात्र बॅटरीत

चाकण, वाळूज, सातपूर किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत दहा-बारा वर्षांचं एखादं मशीन उघडा, आत मित्सुबिशीचा एफएक्स३यू हा पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा औद्योगिक संगणक, असण्याची शक्यता बरीच. त्याच्या वेगाबद्दल आणि सूचनांच्या संचाबद्दल भरपूर बोललं जातं. इथे पाहायचं ते एवढंच, की मेंटेनन्सवाल्याच्या दृष्टीने तो कसा आहे. देखभालीसाठी पाचपैकी साडेतीन गुण. उरलेला दीड गुण जवळजवळ सगळा एकाच गोष्टीसाठी कापला आहे.

ती गोष्ट म्हणजे प्रोग्रामची जागा. एफएक्स३यूमध्ये ६४,००० स्टेप्सची मेमरी आहे, पण ती रॅम. वीज गेली की तिला जिवंत ठेवते ती एफएक्स३यू-३२बीएल ही ३ व्होल्टची लिथियम बॅटरी. २५ अंशांना ती साधारण ५ वर्षं टिकते. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधलं बंद पॅनेल २५ अंशांवर कधी असतं? पंख्याचा फिल्टर तेलकट धुळीने बुजलेला असेल तर ५० अंश सहज होतात आणि बॅटरीचं आयुष्य आटतं. म्हणून पाच वर्षं पूर्ण व्हायची वाट न पाहता चौथ्या वर्षी बदलून टाकावी. मशीन दिवसरात्र चालू असेल तर बॅटरीवर ताण कमी येतो हे खरं. पण मग ती गेलीय हे कळतं लांब सुट्टीनंतर, नेमकं मेन स्विच परत टाकताना.

इशारा द्यायची सोय आहे, आणि ती चांगली आहे. व्होल्टेज सुमारे २.७च्या खाली गेलं की बॅट दिवा लाल होतो आणि तिथून प्रोग्राम राखायला साधारण एक महिना मिळतो. अडचण अशी, की तो दिवा बंद पॅनेलच्या आत असतो. त्यामुळे नव्या मशीनच्या स्वीकृतीच्या वेळीच लॅडरमध्ये (पीएलसीच्या प्रोग्राममध्ये) एक ओळ घालून घ्यावी: बॅटरी उतरली की ऑन होणाऱ्या एम८००५ या आतल्या रिलेचा नॉर्मली ओपन कॉन्टॅक्ट आणि पुढे पॅनेलच्या दारावरच्या दिव्याचं आउटपुट. एचएमआय (ऑपरेटरचा स्क्रीन) असेल तर डी८००५ हे रजिस्टर त्यावर दाखवा. त्यात व्होल्टेज दशांशात येतं, ३० म्हणजे ३.० व्होल्ट. २८ दिसू लागलं की बॅटरीची ऑर्डर द्यावी.

इथे एक सापळा आहे. एम८०३० ऑन केला की बॅटरी संपली तरी बॅट दिवा लागत नाही. मेमरी कॅसेट (प्रोग्राम साठवणारा वेगळा जोडभाग) बसवलेल्या मशीनमध्ये काही मशीनवाले हा रिले कायमचा ऑन ठेवतात, म्हणजे दिव्याबद्दल ग्राहकाचे फोन येत नाहीत. जुनं मशीन हातात आलं की क्रॉस रेफरन्समध्ये (कुठला रिले प्रोग्राममध्ये कुठे वापरलाय त्या यादीत) आधी एम८०३० शोधा. सापडला तर दिवा नाही म्हणून निश्चिंत राहू नका.

कॅसेटबद्दलचा गैरसमजही याच निमित्ताने काढून टाकू. एफएक्स३यू-एफएलरॉम-६४ ही फ्लॅश कॅसेट बसवली की पीएलसी रॅमऐवजी कॅसेटमधला प्रोग्राम चालवतो, बॅटरी मेली तरी लॅडर शाबूत राहतं. तेवढ्यासाठी ती घेण्यासारखी आहेच. पण लॅच केलेले (वीज गेली तरी स्थिती राखणारे) एम रिले, काउंटर, डी रजिस्टर आणि घड्याळ हे सगळं तरीही बॅटरीवरच. मूळ सेटिंगमध्ये डी२००पासून पुढची रजिस्टरं अशी आकडे राखून ठेवणारी असतात आणि बहुतेक मशीनच्या रेसिपी, टायमरची मूल्यं, मोल्ड सेटिंग तिथेच ठेवलेली असतात. बॅटरी गेल्यावर त्या आकड्यांची खात्री उरत नाही. हायड्रॉलिक प्रेसच्या क्युअरिंग टायमरचं मूल्य शून्य झालं तर टायमर लगेच पूर्ण होतो आणि मोल्ड कच्च्या मालावर उघडतो. प्रोग्राम जिथल्या तिथे, एरर दिवा विझलेला, त्यामुळे अर्धी शिफ्ट लोक हीटर आणि व्हॉल्व्ह तपासत बसतात.

लोडरवाली ६४एल कॅसेट लॅपटॉपशिवाय प्रोग्राम इकडून तिकडे नेते. सोय मोठी, पण दोन बटणांच्या दिशा एकमेकांच्या उलट आहेत. चुकीचं बटण दाबलं तर चांगला प्रोग्राम जुन्याने पुसला जातो. पीएलसी स्टॉपमध्ये असायला हवा, आणि कॅसेट बसवणं-काढणं वीज बंद करूनच.

बॅकअपसाठी जीएक्स वर्क्स२ हे मित्सुबिशीचं प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर आणि आठ पिनांची गोल मिनी-डिन प्रोग्रामिंग केबल लागते. यूएसबी केबल लावल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा नंबर पाहून तोच कनेक्शन सेटिंगमध्ये द्यायचा. ‘पीएलसी बोलत नाही’ या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटतात. मग ऑनलाइन मेनूतून रीड. जी खिडकी उघडते तिच्यात रीड, राइट, व्हेरिफाय आणि डिलीट हे चारही पर्याय वरच्या एकाच ओळीत आहेत. ही रचना धोक्याची आहे. रिकामा प्रोजेक्ट उघडलेला असताना राइट निवडलं गेलं तर काय होईल हे सांगायला नको. एक्झिक्यूट दाबण्याआधी ती ओळ मोठ्याने वाचा, लाज वाटू देऊ नका.

पॅरामीटर, प्रोग्राम आणि डिव्हाइस कमेंट या तिन्हींवर खूण करा. डिव्हाइस मेमरी म्हणजे रजिस्टरमधले आकडे. ते वेगळे वाचून सेव्ह करावे लागतात आणि बहुतेक बॅकअपमध्ये नेमके तेच नसतात. शेवटी व्हेरिफाय करून फरक शून्य आल्याशिवाय केबल काढू नका. कमेंट रिकाम्या आल्या तर केबलचा दोष नाही: पॅरामीटरमध्ये कमेंटसाठी जागाच राखलेली नसेल. ५० कमेंटच्या एका ब्लॉकला ५०० स्टेप्स खर्च होतात, म्हणून अनेक जण त्या पीएलसीत टाकतच नाहीत. मग एक्स१४ हे इनपुट म्हणजे कुठला प्रॉक्सिमिटी सेन्सर हे वायरिंग ड्रॉइंगवरून शोधत बसा. कीवर्डने (पासवर्डने) बंद केलेला पीएलसी असेल तर वाचताही येत नाही, आणि मेमरी पुसून कुलूप काढलं तर प्रोग्रामही जातो. उपाय खरेदीच्या वेळीच: कमेंटसह मूळ प्रोजेक्ट फाइल आणि कीवर्ड दिल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही, हे पर्चेस ऑर्डरमध्ये लिहा.

बॅटरी बदलणं या सगळ्यात सोपं. आधी वरचा पूर्ण बॅकअप. वीज बंद करा, पुढचं झाकण काढा, जुन्या बॅटरीचा कनेक्टर ओढा आणि २० सेकंदांच्या आत नवीन बसवा. तेवढा वेळ आतला कपॅसिटर रॅम धरून ठेवतो, म्हणून नवीन बॅटरी पाकिटातून काढून हाताशी ठेवूनच जुनी सोडवा. एफएक्स२एनची एफ२-४०बीएल यात चालत नाही. बाजारात तशाच दिसणाऱ्या स्वस्त बॅटऱ्या मिळतात. घेतलीच तर मीटरवर व्होल्टेज पाहा आणि लाल-काळ्या वायरचा क्रम जुन्याशी ताडून पाहा. दुकानात चार वर्षं पडलेली ‘नवी’ बॅटरीही घेऊ नये. झाकणाच्या आत तारखेचं स्टिकर लावा. मुहूर्त हवा असेल तर खंडेनवमीसारखा दुसरा नाही: मशीन बंदच असतं, माणसं हजर असतात. हळद-कुंकू मात्र दाराच्या बाहेर.

बाकी देखभालीत हा पीएलसी त्रास देत नाही. टर्मिनल ब्लॉक दोन स्क्रू सोडून अख्खा निघतो, त्यामुळे वायरिंग न उसकटता युनिट बदलता येतं (१६ पॉइंट, म्हणजे एकूण १६ इनपुट-आउटपुट असलेल्यात ही सोय नाही). स्क्रू ०.५ ते ०.८ न्यूटन-मीटरवर आवळायचे. जास्त जोर लावला की आटे जातात. रिले आउटपुटवर कॉन्टॅक्टर थेट लावणं मात्र महागात पडतं. २० व्हीएच्या कॉइलवर आतला रिले ३० लाख वेळा चालू शकतो, ८० व्हीएवर फक्त २ लाख. तो रिले बोर्डावर सोल्डर केलेला असल्याने बाहेर इंटरपोझिंग रिले (मध्ये बसणारा वेगळा रिले) लावणं परवडतं. कॉइल बंद होताना उठणारा व्होल्टेजचा झटका शोषायला डीसी कॉइलला उलटा डायोड, एसीला आरसी स्नबर. सेन्सरसाठीचा २४ व्होल्टचा पुरवठा ३२ पॉइंटपर्यंतच्या एसी युनिटमध्ये ४०० मिलिअँपचाच आहे. प्रत्येक दुरुस्तीत एक सेन्सर वाढवत गेलात तर तो कोसळतो.

आज नवीन मशीन ठरवत असाल तर मशीनवाल्याला एफएक्स५यू टाकायला सांगा. त्यात प्रोग्राम फ्लॅशमध्ये राहतो आणि एसडी कार्डाची खाचही मिळते. चालू असलेला एफएक्स३यू केवळ बॅटरीसाठी काढून टाकायची मात्र गरज नाही. एक कॅसेट, दारावर एक दिवा आणि दोन ठिकाणी ठेवलेला, व्हेरिफाय केलेला बॅकअप एवढ्यावर तो चालतो. एचएमआय आणि ड्राइव्हची पॅरामीटर या बॅकअपमध्ये येत नाहीत; ती त्यांच्या-त्यांच्या सॉफ्टवेअरने वेगळी घ्यावी लागतात.