गच्चीवरून मेटिऑर: स्वस्त डाँगलचा आठ महिन्यांचा वापर

सेट असा आहे: आरटीएल-एसडीआर व्ही3 डाँगल (यूएसबीला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर), घरी केलेला व्ही-डायपोल (दोन दांड्यांचा व्ही आकाराचा अँटेना), डिशची आठ मीटर केबल, एफएम अडवणारा फिल्टर, जुना लॅपटॉप आणि सॅटडंप हे मोफत सॉफ्टवेअर. जागा पुण्यातल्या चार मजली इमारतीची गच्ची. काम एकच, मेटिऑर-एम मालिकेतल्या रशियन हवामान उपग्रहांकडून 137.9 मेगाहर्ट्झवर येणारा एलआरपीटी (चित्र पाठवण्याचा डिजिटल प्रकार) सिग्नल पकडायचा आणि त्याचं चित्र काढायचं.

आधी एक गोष्ट साफ करू, कारण नेटवरची निम्मी माहिती अजून जुनीच आहे. नोआ-15, 18 आणि 19 हे अमेरिकेचे तिन्ही हवामान उपग्रह 2025 च्या जून ते ऑगस्टदरम्यान बंद झाले. 137.62, 137.9125 आणि 137.1 वर येणारा तो ‘टिक-टॉक’ आवाज आता ऐकू येणार नाही. अनेक जण अजूनही त्या फ्रिक्वेन्सी लावून बसतात आणि डाँगल खराब म्हणून परत पाठवतात. या बँडमध्ये रोजच्या वापराचे उरले ते मेटिऑर-एम एन2-3 (जून 2023 मध्ये सोडलेला) आणि एन2-4 (फेब्रुवारी 2024). नवख्याने सुरुवात एन2-4 पासूनच करावी. एन2-3 चा सिग्नल पासच्या (उपग्रह एकदा आकाशातून जातो त्या वेळेच्या) मध्येच खचतो आणि दोष आपल्या अँटेनाचा वाटतो.

नोआचा सिग्नल ॲनालॉग होता. कमजोर झाला तर चित्रावर खरखर यायची, पण काहीतरी दिसायचं. मेटिऑरचा डिजिटल आहे, सेकंदाला 72 हजार सिम्बॉल. थोडा कमी पडला की चित्र थेट काळं. म्हणून नोआच्या काळात चालून गेलेला खिडकीतला अँटेना इथे चालत नाही.

अँटेनाला लागतं ते सगळं हार्डवेअरच्या दुकानात मिळतं: 4 मिमी ॲल्युमिनियमच्या दोन दांड्या, प्रत्येकी 53.4 सेंमी, आणि पंख्याच्या वायरी जोडायला वापरतात तसला पितळी स्क्रूंचा प्लास्टिक कनेक्टर. दांड्यांमधला कोन 120 अंश. अँटेना जमिनीला समांतर आडवा, व्ही चं तोंड उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे, कारण हे उपग्रह ध्रुवीय कक्षेत फिरतात. आडवा ठेवण्याचा आणखी एक फायदा म्हणजे जमिनीवरचे उभ्या ध्रुवीकरणाचे वायरलेस सिग्नल बरेच दबतात.

उंचीकडे मात्र कुणी लक्ष देत नाही, आणि आठ महिन्यांत सगळ्यात जास्त फरक तिथेच पडला. स्लॅबमधल्या सळया आरशासारख्या वागतात. या फ्रिक्वेन्सीची तरंगलांबी सुमारे 2.17 मीटर. अँटेना स्लॅबपासून बरोबर अर्ध्या तरंगलांबीवर, म्हणजे 1.1 मीटरवर असला तर थेट डोक्यावरून येणारा सिग्नल आणि त्याचं परावर्तन एकमेकांना खातात. परिणाम विचित्र दिसतो: उपग्रह क्षितिजाकडे असताना सिग्नल ठणठणीत आणि ऐन डोक्यावर आला की मध्येच खड्डा. अँटेना 70 ते 80 सेंमीवर आणला की खड्डा भरून येतो. कमरेएवढा पीव्हीसी पाइप सोयीचा म्हणून तीच उंची धरणाऱ्यांनी एकदा टेप लावून बघावी.

केबलसाठी डिशची आरजी-6 घ्या. ती 75 ओहमची आणि डाँगल 50 ओहमचा, म्हणून लोक बिचकतात, पण त्या विसंगतीचा तोटा 0.2 डीबीसुद्धा (डेसिबल, सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप) नाही. उलट बारीक आरजी-174 दहा मीटर लावली तर तीन डीबीच्या आसपास तिथेच जातात. आरजी-6 ची जाळी ॲल्युमिनियमची असते, तिला सोल्डरचा डाग धरत नाही. सोल्डरिंगच्या नादी न लागता एफ कनेक्टर आणि एफ-टू-एसएमए ॲडॉप्टर वापरा. अँटेनाजवळ केबलचे पाच-सहा वेढे घालून टायने बांधले की केबल स्वतः अँटेनासारखी वागणं कमी होतं.

शहरात फिल्टर हवाच. डाँगलचा एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) 8 बिटचा. 88 ते 108 मध्ये एफएम स्टेशनं जोरात असली की तो आधीच भरतो आणि 137.9 चा नाजूक सिग्नल खाली दबतो. धबधब्यात, म्हणजे स्क्रीनवर सरकत जाणाऱ्या सिग्नलच्या आलेखात, एफएमची भुतं दिसायला लागली की समजायचं. फिल्टरशिवाय गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) 25-30 डीबीच्या वर नेता येत नव्हता, फिल्टर लावल्यावर 40 पर्यंत गेला. ऑटो गेन बंदच ठेवा. हाताने वाढवत न्या आणि ज्या आकड्यानंतर सिग्नलबरोबर तळाचा गोंगाटही तितकाच वर येतो, त्याच्या एक पायरी आधी थांबा. एलएनए (कमी गोंगाटाचा, सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर) घेण्याची घाई करू नका. आठ मीटर केबलला त्याने फारसा फरक पडत नाही, आणि फिल्टरशिवायचा एलएनए लावला तर एफएमच वाढवून मिळतो. घेतलाच तर 137 चा सॉ फिल्टर (ठरावीक फ्रिक्वेन्सीच जाऊ देणारा) आत असलेला, आणि तो अँटेनापाशी. त्याला बायस-टीवरून (केबलमधूनच वीज देण्याची डाँगलमधली सोय) 4.5 व्होल्ट जातात. एलएनए काढून ठेवलात तर बायस-टी बंद करायला विसरू नका.

गोंगाटाचा दुसरा स्रोत घरातच असतो: एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, सोलर इन्व्हर्टर. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, धबधब्यातल्या उभ्या रेघांपैकी अर्ध्या गायब होतील.

सॅटडंपमध्ये फार काही करावं लागत नाही. विंडोजवर आधी झाडिग या प्रोग्रॅमने ड्रायव्हर बदला. सॅम्पल रेट 1.024 मेगा, फ्रिक्वेन्सी 137.9, पाइपलाइन (सिग्नल उलगडायची पद्धत) मेटिऑर एम2-एक्स एलआरपीटी 72के. उपग्रह कधी कधी 137.1 वर किंवा 80के मोडवर असतो. सिग्नल ठळक असूनही काहीच उलगडत नसेल तर आधी हेच दोन तपासा. डॉप्लरमुळे, म्हणजे उपग्रहाच्या वेगामुळे, फ्रिक्वेन्सी तीनेक किलोहर्ट्झ सरकते, ते सॉफ्टवेअर सांभाळतं. टीएलई (उपग्रहाच्या कक्षेची आकडेवारी) आठवड्याला ताजी करा. पासच्या वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) दिसत असतील तर साडेपाच तास मिळवा, यावरून चुकलेले पास थोडे नाहीत. बेसबँड (न उलगडलेल्या कच्च्या सिग्नलचं) रेकॉर्डिंग 8 बिटमध्ये ठेवलं तरी बारा मिनिटांचे जवळपास दीड जीबी होतात, पण पहिले काही आठवडे ते ठेवाच. चुकीची पाइपलाइन लावली असली तरी पास वाया जात नाही.

पास सुरू झाला की चार ठिपक्यांच्या आकृतीकडे बघा. आधी नुसता पुंजका, मग हळूहळू चार ढीग वेगळे होतात, व्हिटर्बी आणि डिफ्रेमर (सिग्नल उलगडण्याचे दोन टप्पे) हिरवे होतात आणि ओळी उतरायला लागतात. चित्र 1568 पिक्सेल रुंद, जेपीईजीसारखं 8 बाय 8 च्या ठोकळ्यांत दाबलेलं. एका पॅकेटमध्ये चौदा ठोकळे, म्हणून पॅकेट हरवलं की 112 पिक्सेल लांब आणि 8 पिक्सेल उंच अशी काळी फीत दिसते. सुट्या फिती म्हणजे क्षणिक अडथळा, बहुधा एखादी मोटर किंवा चार्जर. पूर्ण रुंदीचा काळा पट्टा म्हणजे सिग्नलच गेला: इमारत, पाण्याची टाकी किंवा वर सांगितलेला उंचीचा खड्डा. रोज त्याच दिशेला पट्टा येत असेल तर टाकीच आहे, सॉफ्टवेअरशी झगडू नका.

डोक्यावरून जाणाऱ्या चांगल्या पासला पुण्यातून हिमालयापासून मालदीवच्या खालपर्यंतचा पट्टा मिळतो. जवळच्या अवरक्त चॅनेलमध्ये पाणी काळं येतं, म्हणून उजनीचा वेडावाकडा डाग लगेच ओळखू येतो. रिझोल्यूशन मध्यभागी सुमारे एक किमी. लोणारचं विवर जेमतेम दोन पिक्सेलचं, तेही पट्टीच्या मध्यावर आलं तर. रात्री दृश्य चॅनेल कोरे, फक्त औष्णिक अवरक्त कामाचा. पावसाळ्यात मात्र तोच बघण्यासारखा असतो, उंच थंड ढग वेगळे उठून दिसतात.

ढग आणि पाऊस यांनी 137 मेगाहर्ट्झला काही होत नाही, जोडांना होतं. पितळी स्क्रू, ॲल्युमिनियमची दांडी आणि ओल एकत्र आली की तिथे पांढरी पूड धरते आणि सिग्नल आठवडाभरात हळूहळू उतरतो. दांडीचं टोक सॅंडपेपरने घासून, स्क्रू आवळून, वर सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटणारी) टेप गुंडाळायची. साधी काळी इन्सुलेशन टेप एका उन्हाळ्यात सुटते. केबलला अँटेनाच्या खाली एक लोंबता फेरा ठेवा, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं, कनेक्टरमध्ये शिरत नाही. वळवाच्या दिवसांत वीज चमकायला लागली की केबल डाँगलपासून काढून बाजूला ठेवा. डाँगल वापरात चटका बसेल इतका तापतो, ते नेहमीचं आहे, पण उन्हात ठेवू नका.

याच डाँगलवर पुढची पायरी म्हणजे कोरियाचा भूस्थिर हवामान उपग्रह जीके-2ए, 128.2 अंश पूर्वेला, 1692.14 मेगाहर्ट्झवर. पुण्यातून तो पूर्वेकडे किंचित दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण 26 अंशांवर येतो. त्याला वायफायची ग्रिड डिश आणि 1.7 गिगाहर्ट्झचा फिल्टरवाला एलएनए लागतो, तिथे मात्र एलएनएवाचून भागत नाही. पूर्वेला उंच इमारत असेल तर डिश मागवण्याआधी गच्चीवर जाऊन होकायंत्राने 103 अंशांची दिशा धरून बघा.