लाउंजमध्ये जेवावं की विमानात?

भाच्याला कंपनीने फ्रँकफर्टचं बिझनेस क्लासचं तिकीट दिलंय, विमान मुंबईहून रात्री अडीचला. त्याचा प्रश्न: कोथरूडहून लवकर निघून विमानतळावरच्या लाउंजमध्ये (बिझनेस क्लासवाल्यांच्या आरामकक्षात) जेवावं, की उशिरा निघून विमानातच?

पैशांचा प्रश्न नाही, दोन्ही सहसा तिकिटातच येतं. खरा हिशेब झोपेचा. प्रवास सुमारे नऊ तासांचा, त्यात साग्रसंगीत जेवणाला तास-दीड तास जातो. लाउंजमध्ये पोट भरलं, की विमान उडाल्यावर लगेच सीट आडवी करून झोपता येतं. शिवाय एक्स्प्रेसवेच्या चार तासांनंतरची अंघोळ! (शॉवरची सोय आहे का, हे आत शिरताच विचार.)

चवीचं म्हणाल तर विमानातल्या कोरड्या हवेत आणि कमी दाबात मीठ-साखरेची चव कमी जाणवते, त्यामुळे चांगला पदार्थही मिळमिळीत वाटतो. पण तिथे कुणीतरी टेबलक्लॉथ घालून वाढतं; लाउंजच्या बुफेत आपण ताट घेऊन फिरायचं.

त्रास मात्र लाउंजचा जास्त. घरून दोन तास आधी निघा, गेटची वेळ स्वतः सांभाळा.

उतरल्यावर सकाळीच मीटिंग असेल, तर लाउंज. दिवसाचं विमान असेल किंवा पहिल्यांदाच या वर्गाची मजा घ्यायची असेल, तर विमानातच जेव बाबा.