पाकिटातला सेंद्रिय तांदूळ की येळ्ळूरकडच्या काकींचा?

तांदूळ, मसूर, गूळ, अंडी, तूप हे सगळं बिनरासायनिक हवं असं एकदा ठरलं की बेळगावात दोन वाटा उरतात. टिळकवाडीच्या दुकानांतून मिळणारं, सेंद्रिय प्रमाणपत्राच्या शिक्क्याचं पाकीट, नाहीतर एखाद्या शेतकरी घराशी बांधलेलं गिऱ्हाईकपण. दोन्ही प्रकार आमच्या घरात नांदून गेलेत. हल्ली बरेच जण विचारतात म्हणून लिहितोय. निवाडा म्हणून नको, एका गिऱ्हाइकाचं मत म्हणून वाचा.

आम्ही ज्यांच्याकडून घेतो ते काकींचं शेतकरी घर येळ्ळूरकडे, राजहंसगडाच्या बाजूला. तीनेक एकर. पावसाळ्यात भात, भात निघालं की रानात राहिलेल्या ओलीवर मसूर. बांधावर तूर आणि शेवगा, दारात दोन म्हशी, एक गाय आणि न मोजलेल्या कोंबड्या. भाताचं पिंजर, म्हणजे वाळकं काड, जाळत नाहीत, ते जनावरांना जातं आणि शेण होऊन रानात परत येतं. मसुराच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत धरतात, त्यामुळे पुढच्या भाताला युरियाची गोणी आणावी लागत नाही. फणसाखाली जीवामृताचा, म्हणजे रानाला घालायच्या पातळ खताचा, दोनशे लिटरचा पिंप असतो. त्यात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. काकी ते काठीनं ढवळत असतात तेव्हा पाहुण्यानं वाऱ्याच्या उलट बाजूला उभं राहावं.

आधी पाकिटाचं चांगलं सांगतो. ते बाराही महिने मिळतं, निवडलेलं असतं, आणि त्यावर शिक्का असतो. हंगामी पिकाला तो शिक्का मिळवायचा तर जमीन साधारण दोन वर्षं रसायनं बंद करून रूपांतरात ठेवावी लागते, तपासणी होते, कागद राहतो. घरात कोणी आजारी असेल आणि डॉक्टरांनी जपून खायला सांगितलं असेल तर मी कागदाच्याच बाजूनं जाईन. काकींकडे कागद नाही. सेंद्रिय मालाचे २०१७ चे नियम आले तेव्हा थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या, वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या उत्पादकाला त्यातून सूट होती. त्यामुळे कागद नसणं म्हणजे लबाडी नव्हे. पण विश्वास तुम्हाला स्वतः जाऊन, रानात उभं राहून ठेवावा लागतो, आणि तेवढा वेळ सगळ्यांकडे नसतो हे मान्य.

आता ज्या कटकटीनं माझा निकाल लावला ती सांगतो.

भाचीच्या सासरची मंडळी पहिल्यांदा जेवायला येणार होती. मी मुद्दाम सेंद्रिय सुवासिक तांदळाचं नवं पाकीट आणलं. पॅकिंगची तारीख जेमतेम तीन आठवड्यांपूर्वीची, म्हणून खूशही झालो, की माल ताजा आहे. बायकोनं नेहमीच्या मापानं पाणी घातलं आणि पातेलं उघडलं तर मसालेभाताच्या वड्या पाडता आल्या असत्या. पाहुणे सज्जन, "मऊ झालाय, छान लागतोय" म्हणाले. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो.

पुढच्या महिन्यात त्याच नावाचं पाकीट आणलं. या खेपेस बायकोनं हात राखून पाणी घातलं तर शीत न शीत कोरडं, मधे कणी राहिलेली. तेव्हा ट्यूब पेटली. पहिल्या पाकिटात नवा तांदूळ होता, दुसऱ्यात जुना. सुवासिक तांदूळ नवा असला की चिकट होतो, मुरला की पाणी जास्त पितो आणि मोकळा शिजतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही आजीला ठाऊक आहे. पण माझ्या हातात आलेल्या एकाही पाकिटावर भात कापलं कधी ते नव्हतं. पिशवीत भरलं कधी एवढंच होतं. मागच्या नंबरवर फोन लावला. आधी इंग्रजी, मग हिंदी, मग कन्नड, मराठीसाठी बटण नव्हतं. कन्नडचं दाबलं. पलीकडची मुलगी गोड बोलली, आणि तिनं मला पाकिटावरची तारीखच पुन्हा वाचून दाखवली.

त्याच सुमारास काकींकडे पहिल्यांदा बेळगाव बासमती मागायला गेलो. पिशवी पुढं केली तर त्यांनी ती घेतलीच नाही. "नवं न्हेऊ नका, चिकाट व्हतंय. जुन्यातलं दोन पोती हाय, गिरणीला घालून ठेवतो की." मला काही विचारावंच लागलं नाही. ते तांदूळ साठवतच नाहीत, टरफलासकट भात ठेवतात आणि गिऱ्हाइकं जमली की लागेल तेवढंच गिरणीत नेतात. म्हणजे भात मुरलेलं आणि कांडप ताजं. सालातलं धान्य किडीला सहज दाद देत नाही. तांदूळ मात्र कमी पॉलिशचा असल्यानं घरी आणल्यावर महिन्याभरात संपवावा लागतो, नाहीतर सोंडे होतातच. आमच्याकडे एकदा झाले. अख्खी दुपार गच्चीवर सूप घेऊन गेली, आणि त्या दुपारी मला पाकिटाची आठवण आली नाही असं म्हणणार नाही.

गुळाचं थोडक्यात. दुकानात शिक्क्याच्या गुळाशेजारी पिवळाधमक गूळ मांडलेला असतो. त्या रंगामागे बहुतेक हायड्रॉस, म्हणजे रंग उजळवायचं रसायन, असतं. काकींच्या पाहुण्यांच्या गुऱ्हाळावर मळी काढायला भेंडीचा चीक घालतात, हायड्रॉस नाही, त्यामुळे गूळ काळपट येतो. चव उजवी. मात्र आषाढात तो डब्यात पाझरू लागतो आणि चहात टाकायला चमचा लागतो. शिक्क्याचा गूळ पावसाळ्यातही कोरडा राहतो, ते मान्य करायला हवं.

मसुराला तोड नाही. बारीक दाण्याचा, सालासकट, रात्री न भिजवताही शिजतो. अंडी पावसाळ्यात कोंबड्या पिसं टाकू लागल्या की बंद. तूप मागून मिळत नाही, उरलं तर मिळतं. काय घ्यायचं हे इथं तुमच्या यादीवर कमी आणि त्यांच्या रानावर जास्त ठरतं. आठवड्याची यादी करून जगणाऱ्यांना याचा त्रास होईल. आम्हाला पहिलं वर्षभर झाला.

किमतीत म्हणाल तर तांदळात किंचित फरक, मसुरात काकी स्वस्त, तुपात महाग. पेट्रोल धरलं तर हिशेब पुसटच होतो, म्हणून आम्ही गल्लीतली चार घरं मिळून शनिवारी एकालाच पाठवतो.

दोन्हींत काय घ्यावं हे तुमच्या घरावर आहे. दोघंही नोकरीला, आणि भात रोज कुकरलाच लागत असेल तर पाकिटानं बिघडत नाही, कुकर बरंच झाकून नेतो. पण मोकळा भात, पुलाव, सणाचा मसालेभात या गोष्टींना ज्या घरात मान आहे, त्यांनी एकदा येळ्ळूरच्या रस्त्याला लागून बघावं असं मला वाटतं. जाताना स्टीलचा डबा न्या, प्लॅस्टिकच्या पिशवीवरून बोलणी बसतात.

काकींचं जुनं भात दसऱ्याच्या आसपास संपतं आणि नवं मुरेपर्यंत मधे काही महिने जातात. तेवढे दिवस आम्हीही पाकीटच आणतो. फक्त फोडल्याबरोबर त्यातलं मूठभर वेगळ्या भांड्यात शिजवून बघतो, आणि मगच पाहुण्यांना जेवायला बोलावतो.