डिंगबोचेचं लॉज, आयलंड पीक शिखराच्या आधी राहायला कसंय?

लॉजचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण तक्रारीपण आहेत. डिंगबोचे हे नेपाळमधलं, एव्हरेस्टच्या भागातलं गाव 4,410 मीटरवर, म्हणजे खालच्या नामचे बाजार गावापेक्षा जवळपास हजार मीटर वर, त्यामुळे आयलंड पीकला जाणाऱ्यांनी इथे रेस्ट डे घ्यायचाच, आणि रेस्ट म्हणजे लोळणं नाही हां, अंगाला उंचीची सवय व्हावी म्हणून मागच्या नांगकरत्शांग डोंगरावर पाच हजारापर्यंत चढायचं, हवा साफ असेल तर मकालू शिखर बघायचं आणि झोपायला परत खाली यायचं. आमच्यातला एकजण अर्ध्यातूनच डोकं धरून आला, तर लॉजवाल्या दीदींनी न सांगताच लसणाचं सूप आणून ठेवलं (औषध नाहीये ते, पण पोटात पाणी जातं ना).

दाल भात एक नंबर, नको म्हणेपर्यंत वाढतात. पिझ्झाच्या नादी लागू नका.

रूम म्हणजे प्लायवूडच्या भिंती, शेजारच्याचा खोकला पण आपलाच वाटतो. शेगडी फक्त डायनिंगमध्ये, तीपण संध्याकाळी, याकच्या गोवऱ्यांवर. चार्जिंग, गरम पाणी, वायफाय सगळ्याचे वेगळे पैसे आणि रेट आधी सांगतच नाहीत, शेवटी बिल बघून जे डोकं दुखतं ते काय उंचीमुळे नाही. पॉवरबँक दोन आणा आणि रात्री स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा, थंडीत बॅटरी लगेच उतरते.