एपीटी सांभाळायला अ‍ॅन्सिबल: आठ महिन्यांनंतर

अंधेरीच्या आमच्या ऑफिसचे 38 सर्व्हर आहेत, सगळे उबुंटू लिनक्सवर, काही 22.04 तर काही 24.04. त्यांच्यावर पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअर, टाकायचं साधन म्हणजे एपीटी. ते जिथून पॅकेज घेतं त्या रिपॉझिटरी आणि पॅकेज खरी आहेत हे तपासायच्या साइनिंग की आठ महिन्यांपासून मी अ‍ॅन्सिबलने, म्हणजे अनेक मशिन एकाच जागेवरून सांभाळणाऱ्या साधनाने, सांभाळतोय. आधी एकेका मशिनवर लॉगिन करून हाताने फाइल बदलायचो. अ‍ॅन्सिबलला सर्व्हरवर एजंट (स्वतःचा वेगळा प्रोग्राम) लागत नाही, एसएसएच (दूरून सुरक्षित लॉगिन) आणि पायथन पुरतं. जुलैत लोकल ठप्प झाल्या त्या दिवशी डोंबिवलीच्या घरून सगळीकडे ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीचा अपडेट चढवला.

सगळ्यात मोठा फायदा कीचा. जुन्या एपीटी-की पद्धतीत एकदा घातलेली की सगळ्याच रिपॉझिटरींना चालायची. 'साइन्ड-बाय' या सेटिंगने ती एकाच रिपॉझिटरीपुरती बांधली जाते. अ‍ॅन्सिबल-कोर 2.15 मध्ये आलेलं 'डेब822 रिपॉझिटरी' मॉड्यूल (ठरावीक कामाचा तयार तुकडा) हे एकाच टास्कमध्ये करतं. सर्व्हरवर 'पायथन3-डेबियन' पॅकेज मात्र आधी टाकून घ्या.

आता तक्रार. अ‍ॅन्सिबल आपण सांगितलं तेवढंच बघतं. दुसऱ्या महिन्यात प्लेबुक (टास्कची यादी) सगळीकडे हिरवं, म्हणजे सगळं ठीक, तरी एका सर्व्हरवर पोस्टग्रेस डेटाबेसची आवृत्ती वेगळी. दोन तास डोकं लावल्यावर सापडलं: पूर्वी कुणीतरी हाताने टाकलेली रिपॉझिटरीची फाइल तिथेच पडून होती. तेव्हापासून सोर्सेसचं फोल्डर तपासून, आमच्या यादीत नाही ती फाइल उडवणारा टास्क लावलाय. इथे खूप जपून! 24.04 मध्ये उबुंटूची मुख्य रिपॉझिटरीही याच फोल्डरात असते. ती यादीत लिहायची राहिली तर तीच उडेल. मी चेक (काही न बदलता नुसती तालीम) आणि डिफ (काय बदलेल ते दाखवणं) लावून पाहिलं म्हणून वाचलो. तेव्हापासून ते दोन पर्याय लावून बघितल्याशिवाय काहीच चालवत नाही.

सकाळी सहा ते सात प्लेबुक चालवू नका. उबुंटूचे आपोआप होणारे अपडेट त्याच तासात सुरू होतात आणि एपीटीचं लॉक (एका वेळी एकालाच काम करू देणारं कुलूप) अडतं. अ‍ॅन्सिबलचं एपीटी मॉड्यूल लॉक सुटायची मुळात 60 सेकंद वाट बघतं, मी ते 600 केलंय.

अपडेट मागे घेणं अजून कठीणच. बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधून जुनी सेटिंग्ज परत येतात, पण चढलेलं पॅकेज आपोआप खाली उतरत नाही. म्हणून डेटाबेसच्या चार मशिनसाठी 'सिरियल' 1 ठेवलंय: पहिलं नीट उठलं की मगच दुसऱ्याला हात.